माळ कोणी लावली?

जानेवारी २०२६ मध्ये अमेरिकी गिर्यारोहक ॲलेक्स होनॉल्ड तैवानमधली तैपेई १०१ ही ५०८ मीटर उंचीची इमारत दोराशिवाय चढला आणि नेटफ्लिक्सने ती चढाई जगभर थेट दाखवली. दीड तासात तो माथ्यावर होता. डोंगरात जाणाऱ्या आमच्या मंडळींत त्यावरून पेटलेला वाद मात्र अजून मिटलेला नाही. एक बाजू म्हणते, ही सरळसरळ सर्कस आहे. कॅमेरा आला तिथे गिर्यारोहण संपलं. खरा गिर्यारोहक गाजावाजा न करता जातो आणि गुपचूप परत येतो. दुसरी बाजू म्हणते, लोक बघतात, प्रायोजक मिळतात, शहरातली मुलं डोंगराकडे वळतात, मग बिघडलं कुठे? इमारतीवरून सुरू झालेलं हे भांडण बघता बघता एव्हरेस्टवरच्या चित्रपटांवर, के-टू या जगातल्या दुसऱ्या क्रमांकाच्या उंच शिखरावरच्या ड्रोनवर आणि आपल्या सह्याद्रीतल्या रील्सवर गेलं, आणि प्रत्येक ठिकाणी याच दोन वाक्यांपाशी येऊन अडकलं. मी वीस-बावीस वर्षं सह्याद्रीत दोर घेऊन फिरतो आहे. त्यातला बराच काळ दुसऱ्याला बिले देण्यात, म्हणजे चढणाऱ्याचा सुरक्षेचा दोर सांभाळण्यात गेला. मला या दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडताना दिसतात.

माझं म्हणणं आधीच सांगतो. कॅमेरा डोंगरावर असावा की नसावा, हा प्रश्न केव्हाच निकालात निघाला आहे. तो तिथे आहे आणि राहणार आहे. चढाई अस्सल आहे की नाही, हे दोन गोष्टींवरून ओळखावं. कॅमेऱ्यामुळे डोंगरावरचा एखादा निर्णय बदलला का? आणि वर जाताना जी मदत घेतली, म्हणजे दोर, बाटलीतला प्राणवायू, हेलिकॉप्टर, दुसऱ्याच्या पाठीवरचं ओझं, ती बघणाऱ्याला सांगितली का? या दोन प्रश्नांची उत्तरं स्वच्छ असतील, तर चित्रण कितीही भव्य असो, त्यात मला खोट दिसत नाही. ती स्वच्छ नसतील, तर एकही कॅमेरा नसताना केलेली चढाईसुद्धा बनावट असू शकते.

पहिल्या बाजूचा सगळा डोलारा "पूर्वी असं नव्हतं" या समजुतीवर उभा आहे. कधी नव्हतं? अल्बर्ट स्मिथ नावाचा इंग्रज १८५१ मध्ये माँ ब्लाँ चढून आला आणि पुढच्याच वर्षी लंडनमधल्या पिकॅडिलीच्या इजिप्शियन हॉलमध्ये त्याने त्या चढाईचा खेळ लावला. मागे रंगवलेले पडदे सरकायचे आणि पुढे स्मिथ गोष्ट सांगायचा. सहा वर्षं तो खेळ चालला, दोन हजारांच्या आसपास प्रयोग झाले. ब्रिटनचा अल्पाइन क्लब, ज्याला जगातली पहिली गिर्यारोहण संस्था मानतात, तो १८५७ मध्ये स्थापन झाला आणि हाच स्मिथ त्याच्या पहिल्या सभासदांपैकी एक होता. म्हणजे आधी खेळ आला, मग संस्था आली. १९३६ च्या जुलैत आयगरच्या उत्तर भिंतीवर टोनी कुर्झचे तिन्ही साथीदार गेले आणि तो एकटा दोराला लटकत राहिला, तेव्हा खाली क्लायने शायडेगच्या हॉटेलांपाशी माणसं दुर्बिणींना डोळे लावून बसलेली होती. बचावायला आलेले लोक त्याच्या अगदी जवळ पोहोचले होते. दोन दोरांना जोडणारी गाठ कॅराबिनरमधून, म्हणजे दोर अडकवायच्या कडीतून, सरकेना, आणि कुर्झ तिथेच, त्यांच्या डोळ्यांदेखत मेला. त्या भिंतीवर तेव्हा ना ड्रोन होता ना थेट प्रक्षेपण, तरीही ते रंगमंचावर घडावं तसं लोकांच्या देखत घडलं. माणूस उंच जागी गेला की खालचे माना वर करून बघतात. हे बघणं वाईटच असेल, तर तो दोष कॅमेऱ्याच्या जन्माआधीचा आहे.

इमारतीच्या थेट प्रक्षेपणाने हादरलेल्यांना आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. १९६७ च्या जुलैत बीबीसीने स्कॉटलंडच्या उत्तरेकडल्या ऑर्कनी बेटांवरच्या 'ओल्ड मॅन ऑफ हॉय' या समुद्रात उभ्या असलेल्या वालुकाश्माच्या सुळक्याची चढाई दोन दिवस थेट दाखवली. ख्रिस बॉनिंग्टन, जो ब्राउन, टॉम पेटी, डुगल हॅस्टन असे त्या काळातले मातब्बर लोक दोरावर होते. दीड कोटी प्रेक्षकांनी ती बघितली. या सुळक्यावरची पहिली चढाई आदल्याच वर्षी बॉनिंग्टन आणि पेटी यांनी आणखी एका साथीदाराबरोबर केली होती, कॅमेऱ्यांच्या जत्रेशिवाय. मग पहिली खरी आणि दुसरी खोटी का? दोन्ही वेळा कातळ तोच होता आणि माणसंही बरीचशी तीच. दुसरी चढाई दाखवण्यासाठी केलेली आहे हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी ती पहिली म्हणून विकली नाही. मला तर ती प्रामाणिक वाटते.

आता या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा, आणि तो मी मनापासून मान्य करतो. कॅमेऱ्यासमोर माणूस वेगळा वागतो. कॅनडाचा तरुण गिर्यारोहक मार्क-आंद्रे लक्लेर याच्यावर चित्रपट काढायला गेलेल्या मंडळींना तो मध्येच सापडेनासा झाला. माउंट रॉबसनची मोठी एकल चढाई त्याने त्यांना न कळवता उरकली. नंतर त्याने दिलेलं कारण साधं होतं: कुणी सोबत असेल तर ती एकट्याची चढाई कसली? २०१८ च्या मार्चमध्ये अलास्कात तो आपल्या जोडीदारासह गेला, तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. त्याच्या त्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. एकटेपणा हाच ज्या चढाईचा गाभा आहे, तिथे दुसरा डोळा आला की ती चढाई बदलते.

आणि कॅमेरा निर्णय कसा बदलतो हे मी स्वतः दोराच्या दुसऱ्या टोकाला उभं राहून बघितलं आहे. काही वर्षांपूर्वी जीवधन किल्ल्याजवळच्या वानरलिंगी सुळक्यावर आमची मोहीम होती. मी मधल्या स्टेशनवर बिले देत होतो. लीड करणारा, म्हणजे सगळ्यांच्या पुढे दोर घेऊन चढणारा मुलगा आमच्यातला सगळ्यात शांत डोक्याचा. समोरचा ट्रॅव्हर्स, कातळावरून आडवं जायचा टप्पा, त्याने एकही चुकीचं पाऊल न टाकता पार केला, पलीकडच्या बोल्टला क्लिप झाला, माझ्याकडे बघून हसला. तेवढ्यात वॉकीटॉकीवर खालून आवाज आला की ड्रोन नेमका बॅटरी बदलायला उतरवला होता, ट्रॅव्हर्स मिळालेला नाही, पुन्हा एकदा करशील का? त्याने माझ्याकडे बघितलं. मी काही बोललो नाही, आणि तेव्हा बोललो नाही याचं मला आजही वाईट वाटतं. तो अलीकडे आला आणि पुन्हा निघाला. या वेळी ड्रोन कड्याच्या अगदी जवळ आणला होता. त्याच्या पात्यांची घरघर कातळावर आदळून इतकी वाढली की मुलाचे ओठ हललेले दिसले, पण शब्द कानावर आला नाही. तो "टाइट" म्हणाला होता, दोर ताण. मला वाटलं "स्लॅक", दोर सैल सोड. मी हातभर दोर सोडला, आणि त्याच क्षणी त्याच्या डाव्या पायाखालची कपची निघाली. सात-आठ फूट तो खाली आला. दोर माझ्या हातमोज्यांतून सर्रकन सरकला आणि मधल्या एका जुन्या मेखेवर ताणून थांबला. कुणीतरी कधीकाळी ठोकलेली, गंजून लालभडक झालेली मेख होती ती. हलली, पण निघाली नाही. मुलाच्या कोपराचं सालपट गेलं, एवढ्यावर निभावलं.

क्लबच्या वार्षिक कार्यक्रमात ती चित्रफीत दाखवली. पहिला, स्वच्छ ट्रॅव्हर्स तिच्यात नव्हता, कारण तो टिपलाच गेला नव्हता. होतं ते पडणं, संथ गतीत, ढोलाच्या ठेक्यावर. सभागृहाने श्वास रोखला आणि मग टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या फितीतली एकही चौकट बनावट नव्हती. कातळ खरा, मुलगा खरा, पडणंही खरं. आणि तरीही सगळी गोष्ट खोटी होती. सुळका त्याने पहिल्याच खेपेला निर्मळ चढला होता, पाडला तो चित्रणाने, आणि चित्रणाने मात्र त्याला पाडणारा म्हणून सुळका दाखवला.

मग मी कॅमेऱ्याच्या विरोधात का नाही? कारण कॅमेरा तिथे असूनही निर्णय डोंगराकडेच राहिल्याची उदाहरणं मला माहीत आहेत, आणि ती लहानसहान नाहीत. हाच होनॉल्ड २०१७ च्या जूनमध्ये योसेमिटीतला एल कॅपिटन हा सुमारे तीन हजार फुटांचा कडा दोराशिवाय ३ तास ५६ मिनिटांत चढला. त्यावरच्या चित्रपटाला पुढे ऑस्कर मिळालं. आदल्या वर्षीच्या शरद ऋतूत तो याच कड्यावर निघाला होता आणि थोडंसंच चढून परत फिरला होता, सगळे कॅमेरे लागलेले असताना. परत फिरणं चित्रपटात आहे. छायाचित्रण करणाऱ्यांची आपसातली धास्तीही आहे: तो पडला तर आपण काय टिपत असू? सगळ्यात अवघड जागी माणूस नको म्हणून तिथे दुरून चालवायचे कॅमेरे लावले होते, हेही प्रेक्षकाला कळतं. एक कॅमेरावाला तर ऐन वेळी पाठ फिरवून उभा राहिलेला दिसतो, त्याला बघवत नाही. दृश्य म्हणून याहून थरारक काय असणार? पण हा चित्रपट स्वतःचा हिशेब स्वतःच मांडतो. आपण तिथे होतो आणि आपल्या असण्याने काय बदलू शकलं असतं, हे तो लपवत नाही.

दुसरं उदाहरण एव्हरेस्टचं, १९९६ चं. डेव्हिड ब्रेशियर्सचा चमू आयमॅक्सचा राक्षसी कॅमेरा घेऊन गेला होता. हलका करूनही तो एकोणीस किलोंच्या आसपास, आणि एका वेळी भरलेली फिल्म दीड मिनिटात संपायची. मेच्या दहा-अकरा तारखेच्या वादळात आठ जण गेले. त्या वेळी या चमूने चित्रण बाजूला ठेवलं, साउथ कोल या शिखराखालच्या खिंडीतला आपला प्राणवायूचा साठा अडकलेल्यांसाठी खुला केला आणि बचावकार्यात उतरला. आपल्याच चित्रपटाचा जीव असलेल्या त्या बाटल्या परक्या मोहिमांना द्यायच्या, हा निर्णय कॅमेऱ्याचा नव्हता. शिखरावर ते नंतर गेले, २३ मे रोजी. आमच्या वानरलिंगीवर आणि तिथे फरक एवढाच: आमच्याकडे वॉकीटॉकीवरचा आवाज ठरवत होता, त्यांच्याकडे डोंगर. यंत्र दोन्हीकडे होतं.

दुसऱ्या बाजूकडे वळतो. "पैसा लागतो" हे त्यांचं म्हणणं खरं आहे, आणि ते आजचं नाही. १९२४ च्या ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेचे चित्रणाचे हक्क जॉन नोएलने आठ हजार पौंडांना घेतले. त्या पैशाशिवाय मोहीम निघणं कठीण होतं. पुण्याच्या 'गिरिप्रेमी'ने २०१२ मध्ये एव्हरेस्टची मोहीम केली, तेव्हाही लोकांकडून निधी उभा करावा लागला. ज्यांनी असा निधी गोळा करण्यासाठी दारं झिजवली आहेत, त्यांना चित्रीकरणावर नाक मुरडणाऱ्यांचा राग आला तर मी समजू शकतो. पण नोएलची गोष्ट तिथे संपत नाही. मॅलरी आणि अर्विन परतले नाहीत, चित्रपटाला शेवट उरला नाही, तेव्हा नोएलने तिबेटी लामांना ब्रिटनला नेऊन चित्रपटाबरोबर रंगमंचावर नाचवलं. तिबेटच्या राज्यकर्त्यांना तो अपमान वाटला, आणि पुढची ब्रिटिश मोहीम एव्हरेस्टच्या वाटेला लागायला १९३३ साल उजाडलं. पैसा आला, पण त्या पैशाचं व्याज ज्यांचा चित्रपटाशी काडीचा संबंध नव्हता अशा गिर्यारोहकांनी जवळजवळ नऊ वर्षं भरलं.

याच बाजूचा दुसरा मुद्दा मला पहिल्यापेक्षा जास्त वजनदार वाटतो. भव्य चित्रणानेच नेपाळी गिर्यारोहकांना नाव दिलं, असं ते म्हणतात. बरोबर आहे. निर्मल पुरजाने २०१९ मध्ये आठ हजार मीटरवरची चौदाही शिखरं सहा महिन्यांच्या वर थोड्याच दिवसांत गाठली आणि त्यावरचा चित्रपट घराघरांत गेला. त्याआधी किती प्रेक्षक शेर्पांना पाठीवर ओझं असलेल्या, नाव नसलेल्या आकृत्यांपलीकडे ओळखत होते? १६ जानेवारी २०२१ ला के-टू पहिल्यांदा हिवाळ्यात चढला गेला. दहाही जण नेपाळी होते. शिखराच्या थोडं खाली ते एकमेकांसाठी थांबले आणि राष्ट्रगीत म्हणत, खांद्याला खांदा लावून माथ्यावर चालत गेले. ते चित्रण मी कितीदा बघितलं असेल, दर वेळी अंगावर काटा येतो. ते ठरवून केलेलं दृश्य होतं, अगदी रंगमंचावर करतात तसं. म्हणून ते खोटं होतं का? दहा जण एकत्र पोहोचले, कारण त्यांनी एकत्र पोहोचायचं ठरवलं. पुरजाने बाटलीतला प्राणवायू वापरला नाही आणि बाकीच्यांनी वापरला, हेही उघडपणे सांगितलं गेलं. दिखावा आणि सच्चेपणा एकमेकांचे वैरी नाहीत, याचा याहून चांगला पुरावा मला सापडलेला नाही.

पण मग चौदा शिखरांच्या चित्रपटाबद्दल दहा जणांना विचारून बघा, मोहिमेत हेलिकॉप्टर होतं का, प्राणवायू होता का. दोन्ही होते आणि कुणी ते लपवलेलं नाही. तरीही बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर उरतो तो एक माणूस आणि चौदा शिखरं. दृश्याचा ओढाच तसा असतो, ते एका चेहऱ्याकडे धावतं. म्हणून "आम्ही कुठे लपवलं?" एवढं पुरत नाही, जे चौकटीबाहेर राहिलं ते मुद्दाम आत ओढून आणावं लागतं. २०१४ च्या एप्रिलमध्ये डिस्कव्हरी वाहिनी एव्हरेस्टच्या माथ्यावरून विंगसूट, म्हणजे पंखांसारखा पोशाख, घालून मारलेली उडी थेट दाखवणार होती. १८ तारखेच्या सकाळी खुंबू हिमप्रपातात हिमकडा कोसळला आणि सोळा नेपाळी कामगार मेले. त्यात त्या उडीसाठी आलेल्या चमूचं काम करणारे शेर्पाही होते. कार्यक्रम रद्द झाला, हे योग्यच झालं. पण उडी ठरल्याप्रमाणे झाली असती, तर हिमप्रपातातून पहाटेच्या अंधारात शिड्यांवरून ओझी नेणारे हे सोळा जण त्यात किती सेकंद दिसले असते? सरकारने आधी प्रत्येक कुटुंबाला चाळीस हजार नेपाळी रुपये देऊ केले, आणि शेर्पा खवळून उठले. जगाला त्यांचं काम कळलं ते त्यांच्या मरणातून.

इथे मला सिंहगड आठवतो, आणि तो ओढूनताणून आणलेला नाही. ४ फेब्रुवारी १६७० च्या रात्रीबद्दल शाळेतल्या कुठल्याही मुलाला विचारा, तो घोरपड सांगेल. पोवाड्यातली यशवंती घोरपड, कमरेला बांधलेला दोर, कड्याला रोवलेली नखं. दृश्य म्हणून त्याला तोड नाही, डफावर थाप पडली की अजूनही मांडी थरथरते. पण सभासदाच्या बखरीत घोरपड नाही. तिथे मावळे निवडून रात्री कड्यावर चढवल्याचं आहे. ते वानरासारखे कडा चढून गेले, त्यांनी वरून माळ लावली, आणि त्या माळेवरून तीनशे लोकांसह तानाजी वर गेले. ज्याने डोंगरात एकदा तरी दोर लावला आहे, त्याला हे वाचताना धक्का बसतो, कारण हे आमचंच काम आहे. रात्रीच्या अंधारात, सुरक्षेच्या दोराशिवाय, शत्रूच्या पहाऱ्याखाली लीड चढणारे ते मावळे होते आणि ती माळ म्हणजे त्या रात्रीचा फिक्स रोप, मागच्यांना चढायला वर बांधून ठेवलेला दोर. पुढचं सगळं शौर्य त्या माळेवरून वर गेलं. त्यांची नावं बखरीने दिली नाहीत, आणि घोरपडीने तर त्यांना गोष्टीतूनच बाहेर काढलं. प्राण्याला नाव मिळालं, माणसांना नाही. पोवाडा वाईट आहे असं मी मुळीच म्हणत नाही, मी तो पाठ म्हणतो. पण साडेतीनशे वर्षांपूर्वीचा दोर कुणी लावला हे आपण विसरलो असू, तर आजच्या चौकटीत तो कोण लावतो हे विचारायची सवय आपल्याला कुठून असणार?

"प्रेक्षकाला या हिशेबाशी काय देणंघेणं?" असं मला एकाने विचारलं. देणंघेणं आहे, कारण चित्र हा पुरावाही असतो. १९०६ मध्ये फ्रेडरिक कुकने अलास्कातलं मॅकिन्ली शिखर चढल्याचं जाहीर केलं आणि शिखरावरचं छायाचित्र छापलं. चार वर्षांनी दोघे जण तेच छायाचित्र हातात घेऊन निघाले आणि ते टेकाड त्यांनी शोधून काढलं, खऱ्या शिखरापासून कितीतरी मैल दूर. ज्या चित्राने खोटं उभं केलं, त्यानेच ते पाडलं. आपल्याकडेही हे घडलं आहे. २०१६ च्या मेमध्ये पुणे पोलीस दलातल्या एका दांपत्याने एव्हरेस्ट चढल्याचा दावा केला. दुसऱ्या गिर्यारोहकाच्या छायाचित्रात फेरफार केल्याचं उघड झालं, नेपाळने दहा वर्षांची बंदी घातली आणि पुढे त्यांची नोकरीही गेली. सत्कार आणि हारतुरे मात्र आधीच होऊन गेले होते. ज्या वर्षी हे घडलं, त्या वर्षी महाराष्ट्रातल्या प्रत्येक खऱ्या गिर्यारोहकाकडे लोकांनी जरा निरखून बघितलं. तो संशय आम्ही सगळ्यांनी सोसला.

उलट बाजूही आहे, आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. १९५४ मध्ये इटालियन मोहिमेने के-टू पहिल्यांदा सर केलं. शेवटच्या छावणीसाठी प्राणवायूच्या बाटल्या वर नेणारे वॉल्टर बोनाट्टी आणि हुंझाचा हमाल अमीर महदी यांना ८,१०० मीटरच्या आसपास तंबूशिवाय उघड्यावर रात्र काढावी लागली. महदीच्या पायांची बोटं गेली. शिवाय बोनाट्टीवरच ठपका आला की त्यानेच बाटल्यांतला प्राणवायू वापरला, म्हणून शिखराआधी तो संपला. अनेक दशकांनी कुणीतरी शिखरावरची छायाचित्रं नीट बघितली आणि शिखरवीराच्या तोंडावर प्राणवायूचा मुखवटा दिसला. संपलेल्या बाटलीचा मुखवटा शिखरावर कोण लावून बसेल? इटलीच्या अल्पाइन क्लबने बोनाट्टीचं म्हणणं मान्य करायला २००८ च्या आसपासचा काळ यावा लागला. महदी त्याआधीच गेला होता. विजयाची जाहिरात म्हणून काढलेल्या चित्राने अखेर खालच्या माणसाची बाजू मांडली.

त्याच डोंगरावर २७ जुलै २०२३ ला शिखराखालच्या बॉटलनेक या अरुंद घळीत मोहम्मद हसन हा सत्तावीस वर्षांचा पाकिस्तानी कामगार पडला. तीन मुलांचा बाप होता. त्याच दिवशी नॉर्वेची क्रिस्टिन हरिला आपलं चौदावं शिखर पूर्ण करत होती. ड्रोनच्या चित्रणात माणसांची रांग हसनला ओलांडून वर जाताना दिसली आणि जग हादरलं. हरिलाने सांगितलं की तिच्या चमूने मदतीचा प्रयत्न केला आणि तिचा कॅमेरावाला बराच वेळ हसनजवळ थांबला. मला कुणाचा न्यायनिवाडा करायचा नाही, त्या उंचीवर श्वास घेणं म्हणजे काय हे खाली बसून कळत नाही. पण दोन गोष्टी मनातून जात नाहीत. ड्रोन नसता, तर हसन आकडेवारीतला आणखी एक आकडा झाला असता. आणि हरिलाचं म्हणणं प्रमाण मानलं, तर शिखराकडे जाणाऱ्या त्या रांगेत मरणाऱ्या माणसाजवळ थांबलेल्यांपैकी एक चित्रीकरण करायला आलेला होता. कॅमेऱ्याला सरसकट शिव्या देणाऱ्यांनी या माणसाचा विचार करावा.

सह्याद्रीतल्या रील्सबद्दल थोडंच बोलतो, कारण तिथे फार वाद नाही, दुःखच आहे. २०२४ च्या जुलैत माणगावजवळच्या कुंभे धबधब्यापाशी चित्रण करताना एक तरुणी दरीत कोसळली. बचाव करणाऱ्या मुलांनी तिला बाहेर काढलं, पण ती वाचली नाही. तिला दोष देणाऱ्यांचा मला राग येतो. आपण डोंगराची जी चित्रं वर्षानुवर्षं दाखवली, त्यात दोर दिसत नव्हता, घसारा दिसत नव्हता, दोन माणसं मागे हार्नेस धरून उभी असतात ती दिसत नव्हती. हरिहर गडाच्या पायऱ्यांवर पावसाळ्यात उभं राहिल्यावर पोटात काय होतं, हे आपल्यापैकी कुणी चित्रात घातलं? कड्याच्या टोकावर एकटाच उभा असलेला माणूस आणि मागे ढग, एवढंच आपण दाखवलं. जे शिकवलं, तेच लोक शिकले.

उलट, २९ मे १९५३ चं आठवा. एव्हरेस्टच्या माथ्यावर हिलरी आणि तेनझिंग जेमतेम पंधरा मिनिटं होते. जगाला माहीत असलेलं छायाचित्र तेनझिंगचं आहे, हात उंच, बर्फकुऱ्हाडीवर चार झेंडे. हिलरीचं शिखरावरचं छायाचित्रच नाही. पण त्याने त्या मोजक्या मिनिटांत खाली उतरणाऱ्या धारांची छायाचित्रं काढली, एकेक दिशा, पुरावा म्हणून. त्या एका फिल्ममध्ये दोन्ही होतं, जगाने भिंतीवर लावावं असं भव्य चित्र आणि कुणी विचारलं तर दाखवायचा कोरडा हिशेब.

आमच्या सह्याद्रीतल्या क्लबांत मोहिमेनंतर अहवाल लिहायची जुनी रीत आहे. कोणत्या टप्प्यावर किती बोल्ट, किती मेखा, कुणी लीड केलं, सेकंड कोण, बिलेवर कोण, किती वाजता. कंटाळवाणं लिखाण असतं ते. वानरलिंगीच्या त्या कार्यक्रमानंतर मी आमची वही काढली आणि त्या दिवसाच्या नोंदीखाली लिहिलं: "दुसऱ्या टप्प्यावरचा ट्रॅव्हर्स दोनदा केला. पहिल्यांदा विनाअडथळा. दुसऱ्यांदा चित्रीकरणासाठी. त्या वेळी लीड पडला. बिले देणाऱ्याला हाक ऐकू आली नाही." खाली सही केली. त्या मुलानेही शेजारी सही केली, काही न बोलता. एवढी चार वाक्यं चित्रफितीच्याही शेवटी घालावीत, असं मी क्लबात तेव्हापासून म्हणतो आहे. चित्रण करणाऱ्या मित्राचं म्हणणं आहे की त्याने सगळी मजा जाईल. या पावसाळ्यानंतरच्या बैठकीत हा विषय पुन्हा आहे, आणि मी वही घेऊन जाणार आहे.